रिजेक्शनचा पिंजरा

कंपनीच्या गेटवर मी ओळखपत्र म्हणून टीव्हीचा रिमोट दाखवला. वॉचमन म्हणाला, "काका, आवाज वाढवू का?" मीही हसलो. ओळखपत्र घरी सोफ्यावर पडलं असणार आणि बायको त्यानं चॅनेल बदलत बसली असणार.

पण मागं आमच्या साहेबांची गाडी उभी होती. काच खाली.

आमच्या चाकणच्या कंपनीत शिफ्टच्या आधी सगळे रांगेत उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात. त्या दिवशी शपथ झाली आणि साहेबांनी मला पुढं बोलावलं. "हे आपले रिमोटवाले. यांना म्हणे लक्षाचा आजार आहे."

रांग खदखदली.

पन्नाशीला टेकलेला माणूस मी. मलाही हे उशिराच कळलं. लेकीचं अभ्यासात लक्ष लागेना म्हणून तिला आकुर्डीच्या समुपदेशक बाईंकडं नेलं, तर बाई लेकीपेक्षा माझ्याकडंच बघत राहिल्या. तोवर मी त्यांचं पेन उघडून त्याची स्प्रिंग हरवली होती. पुढं माझीही तपासणी झाली. एडीएचडी. बाई म्हणाल्या, "गोळ्यांचं डॉक्टर बघतील. पण कामाची मांडणी बदलली तरी पुष्कळ फरक पडतो."

मग मी मांडणी बदलली. प्रत्येक हत्याराला रंगीत पट्टी. हातातलं काम तोंडानं बोलायचं: वॉशर घेतला, बोल्ट आवळला, खूण केली. मी भरकटलो की शेजारच्या शिवाभाऊनं नुसतं खाकरायचं. तेव्हापासून माझ्या हातून खराब पार्ट गेला नव्हता. मंत्र म्हणतो म्हणून लायनीवर मला भटजी म्हणायचे. आमच्या बौद्ध घराण्यातला पहिलाच.

साहेबांनी त्या पट्ट्या स्वतःच्या हातानं उपटल्या. "ही बालवाडी नाही. तोंड बंद ठेवून काम करायचं." शिवाभाऊला दुसऱ्या लायनीवर धाडलं. वर म्हणाले, "तुम्हां लोकांना सगळीकडं सवलत लागते."

तुम्हां लोकांना. माझा बाप पिंपरीत भट्टीसमोर राबला. भट्टीनं त्याला कसली सवलत दिली होती?

जेवणाच्या सुट्टीआधीच माझ्या हातून बोल्ट ढिला गेला. तपासणीत सापडला.

खराब माल ठेवायला आमच्याकडं लाल जाळीचा पिंजरा असतो. साहेब म्हणाले, "पार्ट राहू दे. यालाच ठेवा आत."

मी गेलो. स्वतःच्या पायानं. वर हसलोसुद्धा. सवय जन्माची. कुणीतरी माझ्या छातीवर रिजेक्शनचं लाल लेबल चिकटवलं. सगळे हसले. लांबून शिवाभाऊही हसला.

तेव्हा माझं हसू सुकलं.

लेबल उपटलं. बाहेर आलो. जागेवर उभा राहिलो आणि छाती फोडून ओरडलो, "वॉशर घेतला! बोल्ट आवळला! खूण केली!"

"तोंड बंद!"

"तोंड बंद केलं म्हणूनच बोल्ट ढिला गेला, साहेब. मी पट्ट्या लावणार. बोलणार. काढायचं तर मला काढा. लेखी काढा."

कुणी टाळी वाजवली नाही. शिफ्ट सुटताना कारणे दाखवा नोटीस हातात पडली.

निगडीला घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मेथी निवडता निवडता तिनं ऐकून घेतलं. वाटलं, आता पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली, "बाहेर आलात ते कळलं. पण आत गेलातच कशाला? उद्या कुणी पिंजरा दाखवला, तर पाय उचलायचा न्हाई."