परवाने देणारा भाऊ

माझा धाकटा भाऊ शिक्षकांना परवाने आणि नेमणुका देणाऱ्या कचेरीत साहेब आहे. लहानपणी स्वतःचा गृहपाठ माझ्याकडून करून घ्यायचा, आता दुसऱ्यांची लायकी ठरवतो. उमेदवारांनी फळ्यापाशी उभं राहून धडा शिकवायचा आणि ह्यानं पहिल्या बाकावर पोट कोंबून विद्यार्थी व्हायचं, अशी ती परीक्षा. नाल्यापलीकडच्या वस्तीतलं कुणी आलं, की दोन वाक्यांतच हा नाक मुरडायचा. "बोलणं गावंढळ. नापास!"

मग नवा कायदा आला. बोलण्यावरून कुणाचा परवाना अडवायचा नाही, शिक्षक सगळ्या वस्त्यांतून यायला हवेत. आमच्या शहाण्यानं लगेच सूर बदलला. समतेवर भाषणं ठोकली, वस्तीतल्या बायकांना धडाधड परवाने वाटले आणि एकूण एक जणीला नेमलं ते वस्तीतल्याच शाळेत. कायदाही खूश आणि नाल्याच्या अलीकडे कुणाला झळही नाही.

पुढे त्याची लेक गणितात गटांगळ्या खायला लागली. परवा मी त्याच्या घरी गेले, तर स्वयंपाकघरात वस्तीतल्या त्या शिक्षिकांपैकीच एक बाई तिला अपूर्णांक शिकवत होती. ती मागच्या दारानं यायची आणि मागच्याच दारानं जायची.

"काय शिकवते गं, ताई! पोरगी आता आपणहून गणितं सोडवते," भाऊ कौतुकानं म्हणाला.

"मग हिला पोरीच्या शाळेतच का नाही नेमलंस?"

त्यानं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि माझी कीव आल्यासारखा म्हणाला, "अगं, शाळेत चार लोक बघतात."