घाटाचा ठोकळा

परवा चिखलदऱ्याच्या घाटात जळक्या क्लचचा वास आला आणि अकोल्यातली ती सकाळ आठवली. बाबा ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते, त्या शेठजींचा भरलेला ट्रक याच घाटात बंद पडला होता; तो वर ओढायला बाबा त्यांचाच दुसरा ट्रक घेऊन निघाले होते.

"शेठजी, ही गाडी सपाटीची हाय. चढावर नाई ओढणार."

"इथं कापसाच्या गाठी ओढते, तिथं कावून नाई?" शेठजी हसले.

बाबांनी चाकामागे लावायला लाकडी ठोकळा उचलला. अकोल्यात असा ठोकळा कोणी ठेवत नसे.

"बाबा, घाटाले भेता का?" मीही हसले. त्यांनी लाजून ठोकळा खाली ठेवला.

चढावर गाडी मागे घसरली. बाबा परत आले नाहीत.

या घाटातल्या प्रत्येक ट्रकला ठोकळा टांगलेला दिसतो. ड्रायव्हरांच्या युनियनसाठी शेठजींच्या हसण्यावर मी कितीतरी पत्रकं लिहिली. माझ्या हसण्यावर हे पहिलंच.