स्वयंभू श्री

नरेंद्र खांबेट्यांना त्या पानावर ‘श्री’ खरोखर दिसला, की दिसणे सोयीचे होते म्हणून दिसला, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या एका कंपनीत ते मोटारींच्या दारांच्या कड्या आखत. तिथे बढती मिळेना, म्हणून त्यांना तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष व्हायचे होते. निवडणूक गणेशोत्सवानंतर लगेच होती.

१९८६च्या त्या उत्सवात त्यांना अंगणातल्या युरोपीय बर्चच्या झाडाच्या एका पानावर पांढुरकी नागमोडी रेघ आढळली. रेघेच्या मधोमध शाईसारखी काळी ओळ होती. त्यांच्या पत्नी नंदा पूर्वी नागपूरला प्राणिशास्त्र शिकवत. त्यांनी सांगितले, की हा उत्तर युरोपातला एक क्षुद्र पतंग. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खात पुढे सरकते आणि मागे ही वाट उरते.

“मंडळात तुझं झूऑलॉजी नको,” नरेंद्र म्हणाले.

डहाळी चांदीच्या फुलपात्रात, पाण्यात, मखराशेजारी विराजमान झाली. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये नरेंद्रांनी ‘स्वयंभू’ या शब्दावर भाषण केले. दुसऱ्या दिवशी रेघ लांबली, तेव्हा भाविकांची खात्रीच पटली. अक्षर वाढते आहे, असे एकमेकांना सांगणाऱ्यांत तीन हृदयरोगतज्ज्ञ होते. वाढता वाढता ‘श्री’चा गिचमिड गुंता झाला, तरी कोणाच्या श्रद्धेत फरक पडला नाही.

तिसऱ्या दिवशी ऐन आरतीत पानाचा पापुद्रा फाटला आणि एक पिवळसर अळी वळवळत बाहेर आली. टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेत निवृत्त डॉक्टर श्रीरामकाका होते. त्यांनी चष्मा सावरला.

“नरेंद्र, तुझे स्वयंभू निघाले की रे घराबाहेर,” ते म्हणाले. “आणि नंदा, ती काळी शाई कसली गं?”

नंदांनी नवऱ्याकडे पाहिले नाही. “विष्ठा, काका.”

हसण्यात सर्वांत मोठा आवाज त्या तीन हृदयरोगतज्ज्ञांचा होता. नरेंद्रांनी अळी रुमालात चिरडली आणि दर्शन पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्या वर्षी त्यांना स्वतःचे एकच मत पडले, नंदांचेही नाही.

मंडळाची स्मरणशक्ती मात्र मंडळाच्याच योग्यतेची होती. १९९१ मध्ये नरेंद्र खांबेटे अध्यक्षपदी बिनविरोध निवडून आले.