पौर्णिमेची पाऊणकी

हिरू नानांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांचा ओरडा खाऊनच. लग्न होऊन डोंबिवलीला, खाडीलगतच्या इमारतीत आले त्याला महिनाही झाला नव्हता. पूजेचं निर्माल्य दुधाच्या पिशवीत बांधून मी बांधावरून पाण्यात सोडलं आणि हात जोडले. खाली मांडीभर चिखलात उतरलेले नाना गरजले, “ए बाय, देवाला पन पिशवीन कोंडलंस?” लाकडी दाराच्या फटीत अडकलेली तीच पिशवी त्यांनी ओढून काढली. फुलं पाण्यात सोडली, पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली.

ते दार म्हणजे उघाडी. बांधाच्या पोटात बसवलेली. भरती आली की बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते. मध्ये एक चप्पल अडकली तरी मिटत नाही, मग खारं पाणी वस्तीत शिरतं. म्हणून नाना विशीपासून आज पंच्याहत्तरीपर्यंत रोज खाली उतरून ती साफ करत आले आहेत. बांधामागे त्यांची भातखाचरं होती, आज तिथे आमच्या इमारती आहेत. मी एकदा म्हटलं, “नाना, जमीन गेली, आता कशाला उतरता?” ते म्हणाले, “जमीन इकली बाय, उघाडी नाय इकली.”

मी मॅट्रिक, नाना चौथी. तरी पाऊणकी, म्हणजे शाळेतला पाऊणचा पाढा, कशासाठी शिकलो ते मला नानांनी सांगितलं. पंचांगातल्या तिथीचा आकडा पाऊणपट केला की बंदरातल्या भरतीची वेळ निघते. एकादशी म्हणजे सव्वाआठ. आपली खाडी आत, म्हणून एक तास मिळवायचा. आजवर उपासासाठी पाहिलेली तिथी मी त्या दिवसापासून पाण्यासाठीही पाहू लागले.

एका आषाढात, वद्य द्वितीयेला, महिन्याचा पाऊस एका सकाळी पडला. दुपारी दोनला सगळ्यांच्या मोबाईलवर सरकारी निरोप आला, भरती ओसरू लागली. तळमजल्यावरच्या बायकांनी माळ्यावरचे तांदूळ, पिठाचे डबे खाली काढले. मीही काढले. नाना दारोदार ओरडत होते, “ते बंदराचा टाईम हाय! आपले खारीन पानी अजून यायचाय!” दोनाची पाऊणकी दीड, एक तास मिळवून अडीच. मला येत होतं, तरी मी छापील अक्षरावर विश्वास ठेवला. अडीचला पाणी देव्हाऱ्यापर्यंत आलं. माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना नानांनी पाठीवर घेऊन जिना चढवला. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आमच्या घरातला चिखल काढायला आले. “सांगितलं होतं ना” असा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं.

देश हवामान बदलाला तोंड देतोय, असं टीव्हीवर रोज ऐकते. खरंच आहे, तोंडच देतोय. हात नानांचे आहेत. पूर्वी वर्षातून दोनदा भिजणारा बांधावरचा दगड आता दर पौर्णिमेला भिजतो, हे त्यांनी दहा वेळा अर्जात लिहून दिलं. मग एकदा थंडगार सभागृहात नागरिकांची सभा झाली. टेबलावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, पडद्यावर चित्रं. खाडीकाठी फरसबंदी, चालायला मार्ग, फोटो काढायला कमान. याला म्हणे पुरापासून संरक्षण. उघाडी? ती भरावाखाली बुजणार. नाना उठले, तर चित्रं दाखवणारे साहेब हसून म्हणाले, “आजोबा, शिक्षण किती?”

“चौथी. तुमचा?”

“इंजिनिअर.”

“मंग सांगा, आज भरती कवा?”

साहेबांनी मोबाईल काढला. त्याला रेंज नव्हती. नाना म्हणाले, “माजी तिथी पाठ हाय, तिला रेंज लागत नाय.” सभागृह हसलं. पण टिपणात त्यांचं नावही आलं नाही. पावसाळा संपला की काम सुरू होणार आहे. उघाडी बुजली तर पावसाचं पाणी बाहेर कुठून जाईल, हे आजही कोणी सांगत नाही. ते आमच्या घरातच राहील, एवढं मला मॅट्रिकवर कळतं.

भजनी मंडळाची वही माझ्याकडे असते, म्हणून नानांच्या पंच्याहत्तरीच्या सत्कारासाठी हा लेखही माझ्याकडे आला आणि समारंभाचा दिवसही सत्कार समितीने मलाच विचारला. मी नारळी पौर्णिमा सांगितली. शुभ दिवस म्हणून समितीने लगेच मान्य केला. मांडव बांधावर, वेळ अकराची. तेच साहेब प्रमुख पाहुणे आहेत. रिवाजाप्रमाणे तासभर उशिरा येतील, नानांना शाल घालतील आणि बोलायला उभे राहतील. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा, एक तास मिळवून सव्वाबारा. साहेब, चपला सांभाळा. मिटलेल्या उघाडीवर भरतीचं पाणी धडकताना आवाज होतो. तेवढं भाषण थांबवून तो ऐका.

नाना, तुमच्यासाठी मी रोज देवाकडे शंभर वर्षं मागते आणि मागताना लाजते, कारण त्यातली निम्मी आमच्याच स्वार्थाची असतात. म्हणून आज वेगळं मागते. तुमचे गुडघे शाबूत राहोत, आणि यापुढची सगळी वर्षं तुम्ही कोरड्या पायांनी बांधावर बसून आम्हाला ओरडत राहा. चिखलात उतरायला मंडळाच्या सात बायका तयार आहेत, सगळ्यांची पाऊणकी पाठ आहे. उघाडी बुजवायला जे येतील, त्यांनी भरतीची वेळ चुकवून यावं. आम्ही ओहोटीलाही तिथेच असू.