पँट्रीच्या दारातला माणूस

हैदराबादला जाणारी एक्स्प्रेस केरळातल्या आमच्या स्टेशनात दोनच मिनिटं थांबते आणि कार्त्यायनीचा सगळा संसार त्या दोन मिनिटांत झाला. माझी चहाची टपरी नेमकी पँट्रीचा डबा लागतो तिथेच आहे. त्यामुळे तो संसार मी पाहिला. पाहू नये असं वाटायचं, पण डोळे मिटून चहा गाळता येत नाही.

तिचा नवरा वेलायुधन त्या पँट्रीत आचारी होता. अख्ख्या गाडीला रांधून घालायचा आणि स्वतः त्यातलं शीतही तोंडात घालायचा नाही. त्याला बायकोच्या हातचा, केळीच्या पानात बांधलेला भातच लागायचा. ती पान आधी विस्तवावरून फिरवून मऊ करायची. आत लाल तांदळाचा भात, नारळाची चटणी आणि तळलेली तारली. गाडी थांबली की तो दारातली दांडी धरून खाली वाकायचा, ती पुडकं वर करायची आणि मग दोघांची तोंडं जी सुटायची!

"कौलं फुटलीत, आईंचा खोकला जात नाही, शेजारचा कोच्चुण्णी परत बांध सरकवतोय. आणि मागच्या खेपेला मला मूर्ख म्हणालात, ते विसरले नाहीये मी!"

"मूर्खच आहेस! आईला मिरीचा काढा दे. कोच्चुण्णीला सांग, आलो की तंगडं मोडतो. ही साडी नवी का गं?"

"तीन ओणम झाले हिला!"

"मग आजच बरी दिसतेय."

तेवढ्यात गाडी हलायची. भांडण अर्धं राहिलं तर परतीच्या खेपेला, समोरच्या फलाटावर, तिथूनच पुढे सुरू. मुलगी झाली तेव्हा तर ही बया एका हातात पुडकं आणि एका हातात पोर घेऊन आली. "हा घ्या भात आणि ही घ्या तुमची लेक!" गडबडीत त्यानं आधी पोरच वर घेतलं. गाडी हलली तसा मी किटली टाकून धावलो आणि पोर खाली घेतलं. ती लेक आता दुबईत नर्स आहे. मला अजून पौलोसमामा म्हणते.

मध्ये सुट्टी मिळाली की तो घरी यायचा, पण नुसता झोपायचा. उठला की पिशवी खांद्याला. गाडी गेल्यावर कार्त्यायनी माझ्या बाकड्यावर टेकायची आणि मला थोरला भाऊ मानून म्हणायची, "पौलोसचेट्टा, हा माणूस एकदा कायमचा घरी येऊ दे. इतकी बोलेन, इतकी बोलेन की बिचारा परत गाडीत पळेल."

गेल्या ओणमला तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला. मला वाटलं, सुटली बिचारी. आता माझं गिऱ्हाईक तेवढं कमी होईल.

पण पावसाळा सरला आणि एक दिवस गाडीच्या वेळेला ही पुन्हा फलाटावर हजर. हात रिकामे. गाडी आली, थांबली, गेली. ही दाराकडे बघत उभी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"अगं, नवरा ओसरीवर बसलाय आणि तू इथं कुणाची वाट बघतेस? लोक काय म्हणतील?"

ती हसली नाही. "ओसरीवर बसतात ते. ताट वाढलं की जेवतात. पाणी हवं का म्हटलं तर 'नको'. बास. मीही काय बोलू? सकाळी सुचलेलं संध्याकाळी बोलू म्हणते आणि संध्याकाळी वाटतं, उद्या बोलू." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझ्याशी बोलणारा माणूस त्या दारातच राहिला, चेट्टा. त्याची फार आठवण येते."

मला हे पोटात ठेवणं जमलं नाही. संध्याकाळी वेलायुधन चहाला आला तेव्हा त्याला सगळं सुनावलं. "एवढी बायको मिळाली आणि तोंडाला कुलूप लावून बसतोस? लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "तिच्यासमोर बसलो की घसा बसतो रे. कसली घाईच नाही." ग्लास ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. कार्त्यायनी खांबाला टेकून उभी होती. पँट्रीचं दार समोर आलं आणि त्यात, दांडी धरून, खाली वाकलेला वेलायुधन! सकाळीच बसनं आमच्या आधीचं त्रिशूर स्टेशन गाठून तिथून गाडीत चढला होता. जुन्या दोस्तांनी दारात उभं राहू दिलं असणार.

"भात कुठाय?" तो ओरडला.

"अहो! घरी झाकून ठेवलाय! तुम्ही निघालात कुठं? न सांगता? आणि ओसरीवरची पाण्याची घागर रोज लाथाडता ते दिसत नाही का तुम्हाला? लेकीचा फोन आला की मला का देत नाही? माझा गुडघा दुखतोय, विचारलंत का एकदा तरी?"

"कुठला गुडघा? डावा? तेल लावतेस का? मूर्ख बाई, सांगायचं नाही का! आणि मी रात्रभर जागा असतो, ते तरी कळलं का तुला?"

"कळलं! मीही जागीच असते!"

गाडी हलली. मी ओरडलो, "अरे, उतर!" तो उडी मारून उतरला. तिनं दंड धरून सावरलं. दोघं फलाटावर शेजारी उभी, शेवटचा डबा पुलावर जाईपर्यंत बघत. वाटलं, आता सुटलं कुलूप.

मग गाडीचा आवाज विरला आणि दोघंही गप्प झाली. तिनं त्याचा दंड सोडला. त्यानं कमरेच्या मुंडूला पुसत हात मागे घेतले. मी दोन चहा पुढे केले, ते त्यांनी प्यायले.

ग्लास परत देताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या भात घेऊन ये."

"आणते," ती म्हणाली.