सात नंबरवर कोण होतं

रेस सुरू झाली की सिस्टर खुर्चीच्या कडेला सरकायच्या आणि मान वाकडी करून टीव्हीच्या चौकटीबाहेर बघू पाहायच्या. खिडकीतून वाकून गल्लीचं टोक पाहतात ना, अगदी तसं. पडद्यावर पुढचे तीन घोडे असायचे. सिस्टरना मागचे हवे असायचे.

"मागचे दाखव की रे," त्या टीव्हीला म्हणायच्या. "पुढचे तर सगळ्यांनाच दिसायलेत."

बरकतपुऱ्यात आम्ही एकाच घरात भाड्यानं राहायचो. मी खाली, त्या वर. तारनाक्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, म्हणून घरमालकापासून भाजीवालीपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मूळच्या परभणीकडच्या. नवरा लवकर गेला. खोलीत बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली टीव्ही, आणि टीव्हीवर चौकोनी घडीचा पांढरा रुमाल. रेसच्या दिवशी तो रुमाल काढून बाजूला ठेवला, की समजावं आज मिलिंदची रेस आहे.

मिलिंद त्यांचा एकुलता एक. अंगानं बारीक, बोलायला कमी. तो जॉकी होता. तुम्हाला वाटेल जॉकी म्हणजे केवढं नाव, फोटो, हारतुरे. तसं काही नाही. तसले नावाजलेले चार-पाचच असतात. बाकीचे मिलिंदसारखे, पहाटे घोडे फिरवणारे, मिळेल त्या घोड्यावर बसणारे. त्याचा घोडा बहुधा पाचवा-सहावा यायचा, म्हणजे टीव्हीवर यायचाच नाही. आईनं दुपारभर टीव्हीसमोर बसून मुलाला पाहिलं असेल ते सुरुवातीच्या रिंगणात, घोड्याला चालवत नेतात तेव्हा. तेही तीन सेकंद. तेवढ्यात कुठल्या घोड्याला किती भाव, त्या भावांचा तक्ता यायचा.

चित्र इतकं पुसट, की लाल टोपी आणि नारिंगी टोपी एकच दिसे. कॉमेंट्री चित्राच्या मागं. आणि पडद्याच्या खालच्या बाजूला आमच्या केबलवाल्यानं एका कोचिंग क्लासची जाहिरात फिरती ठेवलेली. त्या पट्टीखाली रेसवाले काय लिहितात ते कधीच दिसलं नाही. सिस्टर दर आठवड्याला केबलवाल्याला फोन लावायच्या.

"अम्मा, ऊपर सेच वैसा आरा," तो म्हणायचा.

"ऊपर से तेरी जाहिरात भी आरी क्या रे?"

"वो तो हमारी है, अम्मा."

"हौ ना. वोईच निकाल."

तो हसायचा. पट्टी तशीच राहायची.

मी त्यांच्याबरोबर पाहत बसायचो त्याला कारण होतं, ते इथंच सांगून टाकतो. मला रेसचा नाद होता. विद्यानगरला एक बेटिंगचं केंद्र होतं. एक खोली, दोन खिडक्या, त्यातली एक कायम बंद. घोडे सुटायची वेळ झाली की उरलेल्या खिडकीतलं मशीन अडकायचं, रांगेतली माणसं शिव्या द्यायची, आणि आतला माणूस हात वर करून बसायचा. मी फार खेळायचो नाही, पण खेळायचो. सिस्टरनी माझ्या खिशातलं रेसचं पुस्तक एकदा पाहिलं. चहा दिला आणि म्हणाल्या, "मिलिंदवर लावू नका भाऊ. बाकी तुमची मर्जी."

त्या स्वतः घोड्यांकडं पेशंटकडं पाहावं तसं पाहायच्या. "ह्याचा मागचा डावा पाय दुखतोय. कामून पळवायलेत ह्याला?" पुढं तो घोडा खरंच मागं पडायचा. माझ्यापेक्षा त्यांचे अंदाज बरोबर यायचे.

इथलं तेलुगूंचं राज्य एक राहणार की दोन होणार, ह्याची ती वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा रास्ता रोको. मी सरकारी कचेरीत होतो आणि माझ्या टेबलावर कर्मचाऱ्यांच्या याद्या होत्या. कोण कुठल्या भागातला, शाळा कुठं शिकला, उद्या कुठल्या राज्यात जाईल. माझा जन्म उदगीरकडचा, निम्मी शाळा तिकडं, निम्मी इथं. स्वतःच्या नावापुढं काय लिहावं ते मलाच कळेना. लोक टेबलापुढं येऊन रडायचे, भांडायचे. पहिले काही महिने मला वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं. घरी येऊन मी भात लावायचो, जेवायचो, झोपायचो. मला काही होतंय असंही वाटत नव्हतं.

त्या रविवारी रास्ता रोको होता. बस बंद, रिक्षा बंद. मलकपेटच्या मैदानावर मात्र रेसेस चालू. चौथ्या रेसला मिलिंद सात नंबरच्या घोड्यावर होता. पुस्तकात तसं छापलंच होतं, आणि रिंगणातल्या पुसट चित्रात टोपीखालचं तोंड काही दिसलं नव्हतं. शेवटच्या वळणावर घोडे आले. कॅमेरा पुढच्या तिघांवर. सिस्टर मान वाकडी करून बसलेल्या. कॉमेंट्रीवाल्याचा आवाज जरा चढला आणि तो इंग्रजीत म्हणाला की सात नंबर पडला आहे, रायडर खाली आहे. मग पुन्हा पुढच्यांची नावं घ्यायला लागला. रेस संपली. जिंकलेला घोडा दाखवला, त्याचा मालक दाखवला. मग पुढच्या रेसच्या भावांचा तक्ता.

आम्ही दोघं तो तक्ता पाहत राहिलो.

"आता सांगतील," सिस्टर म्हणाल्या.

कोणी सांगितलं नाही. मिलिंदचा फोन बंद होता. रेसच्या दिवशी जॉकींचे फोन काढून घेतात. मैदानाचा फोन कोणी उचलेना. मी बेटिंग केंद्रात लावला. तो मात्र पहिल्या घंटीला उचलला.

"सात नंबर गिरा, साब. उसका टिकट है क्या तुम्हारे पास?"

"टिकट छोडो. आदमी का क्या हुआ?"

"आदमी का इधर नै आता, साब. सिर्फ नंबर आता."

माझ्याकडं सात नंबरचं तिकीट होतं. सकाळीच घेतलं होतं. ते मी सिस्टरना तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही.

त्यांनी कपाटातून पट्ट्या, कात्री, डेटॉलची बाटली काढून पिशवीत भरली. "चला," म्हणाल्या. आम्ही चालत निघालो. काचिगुड्यावरून चादरघाटच्या पुलापर्यंत त्या माझ्या चार पावलं पुढंच होत्या. पुलावर लोक रस्त्यात बसले होते, झेंडे होते, एकजण भोंग्यावर बोलत होता. सिस्टर पहिल्या रांगेपुढं उभ्या राहिल्या आणि तेलुगूत एवढंच म्हणाल्या, "आस्पत्रिकि पोवाली." दवाखान्यात जायचंय. "जरगंडी, जरगंडी," करत माणसं बाजूला सरली. बसलेल्या माणसांच्या मधून आम्ही गेलो. कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पाऊच दिला. तो त्यांनी न फोडता तसाच हातात धरला.

मैदानाच्या मागच्या फाटकावर रखवालदार अडवायला लागला. एवढ्यात आतून मिलिंद आला. आपल्या पायांनी चालत. साधा शर्ट, खांद्यावर टॉवेल.

"आई? तू इथं कशी?"

सिस्टरनी त्याच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. "ताप आहे तुला," म्हणाल्या.

ताप सकाळपासूनच होता. घरी सांगितलं असतं तर आईनं जाऊ दिलं नसतं, म्हणून तो न सांगता गेला. तिथं डॉक्टरांनी त्याला घोड्यावर चढू दिलं नाही. रेसच्या अर्धा तास आधी जॉकी बदलला. टीव्हीवर तसं लिहून आलं होतं म्हणे, खालच्या पट्टीवर. आमच्याकडं तिथं कोचिंग क्लास होता.

सिस्टरनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग विचारलं, "सात नंबरवर कोण होतं?"

"बसू."

बसवराज, भालकीकडचा. मिलिंदहून तीन-चार वर्षांनी मोठा, दोघं एका खोलीत कपडे बदलायचे. त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. सिस्टर तिथंही चालतच गेल्या. मेंदूला मार होता. तो शुद्धीवर नव्हता. भालकीची बस बंद, त्याच्या घरचं कोणी येऊ शकत नव्हतं. तिथल्या नर्सेसनी सिस्टरना ओळखलं नाही, पण त्या बेडशीट कशी सारखी करतात ते पाहिलं आणि त्यांना त्याच्याजवळ थांबू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो. जिन्यात बसून त्यांनी दोन घास खाल्ले.

"भाऊ, मिलिंद फाटकातून चालत आला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला एवढं बरं वाटलं. आत दुसऱ्या कोणाचं पोरगं पडलेलं आहे हे ठावं होतं मला. तरी वाटलं. अजूनही वाटायलंय. बसूचं तोंड पुसते आणि आत ते बरं वाटणं चालूच आहे."

मी डब्याचं झाकण लावलं.

दुपारी तो गेला. सिस्टरनी त्याला पुसून काढलं, केस विंचरले. दवाखान्याच्या गाडीतून त्याला गावी नेलं. त्याच्या आईला इथं यायला मिळालंच नाही.

पुढं काही दिवसांनी सिस्टर माझ्याबरोबर विद्यानगरच्या केंद्रात आल्या. बाईमाणूस पाहून रांगेतल्यांनी शिव्या आवरल्या. तिथं जुन्या रेसेस पुन्हा लावून दाखवता यायच्या. मॅनेजरनं ती रेस लावली. शेवटच्या वळणाला पुढचे तीन घोडे. कडेला सात नंबरच्या लाल टोपीचा एक ठिपका आला आणि चौकटीबाहेर गेला. एवढंच. सिस्टरनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेवढंच.

"पडताना नाही?"

"कैमरा उधर नै था, अम्मा."

"त्याच्या आईनं विचारलं तर मी काय सांगू?" त्या मला म्हणाल्या. मागं खिडकीचं मशीन सुरू झालं तशी माणसं तिकडं पळाली.

घरी आल्यावर त्यांनी टीव्हीवर रुमाल टाकला, तो मी पुन्हा काढलेला पाहिला नाही. मिलिंदनं सहा महिन्यांनी घोड्यावर बसणं सोडलं आणि म्हैसूरकडं एका तबेल्यात काम धरलं. सिस्टरही त्याच्याबरोबर गेल्या. मग राज्य दोन झालं, माझं नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत आलं आणि मीही बरकतपुरा सोडला. त्यांच्याकडून एक-दोन फोन आले. नंतर मिलिंदचा आला. आई गेली, झोपेतच, म्हणाला. मी त्याला जे बोलतात ते बोललो आणि ऑफिसला गेलो.

पण म्हैसूरला जाण्याआधी त्या एकट्याच भालकीला जाऊन आल्या होत्या. परतल्या त्या संध्याकाळी पायऱ्यांवर बसून त्यांनी मला सांगितलं, ते तसंच लिहितो.

बसूचं घर गावाच्या कडेला होतं. त्याची म्हातारी आई ज्वारी पाखडत होती. सिस्टरनी आपण दवाखान्यात त्याच्याजवळ होतो म्हणून सांगितलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"काय बोलला का?"

तीस वर्षं नर्स असताना सिस्टरनी शेकडो जणांना सांगितलं असेल, तुमचं नाव घेतलं, शांतपणे गेले. मला म्हणाल्या, "तोंडावर आलं होतं, भाऊ. नाही बोलले. म्हटलं, नाही बाई. शुद्धीवर आलाच नाही. हात धरला होता मी. हात गरम होता."

म्हातारीनं सुपातली ज्वारी सारखी केली. मग तिनं विचारलं, "तुमचा कोन लागायचा तो?"

"कोणी नाही. माझ्या पोराच्या घोड्यावर बसला होता."

"मग?" मी विचारलं. सिस्टर चपलेला लागलेली माती काठीनं काढत होत्या.

"मग काय. ती बघत राहिली माझ्याकडं. म्हटलं, आता ऊठ म्हणेल. तर म्हणाली, तुमचा पोरगा बरा हाय नव्हं? मी हो म्हणाले." त्यांनी दुसरी चप्पल घेतली. "मग तिनं चूल पेटवली आणि मला जेवायला वाढलं."