पोपटाचे उष्टे पेरू

माझी मुलगी दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि आमच्या घरात त्यावर औषध होतं: पोपटाचा उष्टा पेरू. वाघोलीला सासूबाईंच्या दारात पेरूचं झाड आहे. पोपटानं चोच मारलेलं फळ भरवलं की मूल बोलायला लागतं, अशी त्यांची खात्री. असे पेरू त्या वेचून ठेवायच्या आणि माझा नवरा दर रविवारी पिशवी घेऊन हडपसरला परतायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात मुलांना ‘पुरावा काय?’ म्हणून छळते आणि घरी येऊन पेरूच्या बिया काढून, गर कुस्करून लेकीला भरवत होते. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

पेरूनं काही बिघडलं नाही. बिघडलं ते वाट बघण्यानं. सासूबाई म्हणायच्या, “हिचा बाप बी चार वर्षांचा झाल्यावर बोललाय. घाई कशापायी?” मला हे ऐकायला आवडायचं, हे खरं दुखणं. त्यांच्या आड मला लपता येत होतं.

त्याच सुमारास मी तिला लसीसाठी पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनी कार्डावर लिहिता लिहिता विचारलं, नावानं हाक मारली की बघते का? मी म्हणाले, “हो, बघते.” धडधडीत खोटं. मागे बायांची रांग होती, त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई होती, आणि बाईंच्या मुलीत काही कमी असणं मला परवडणारं नव्हतं. सिस्टरनी कार्डावर खूण केली आणि पुढचं बाळ घेतलं.

त्या एका खोट्यात वर्ष गेलं. ती अडीच वर्षांची असताना ताप आला म्हणून परत तिथेच गेलो, तर सिस्टर त्याच. या वेळी त्यांनी मला काही विचारलंच नाही. मुलीच्या मागे उभं राहून त्यांनी तिला नावानं तीनदा हाक मारली. ती खिडकीवरच्या पंख्याकडे बघत राहिली. मग त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून रडले.

आधी कान तपासले. ऐकू नीट येत होतं. मग तपासण्या झाल्या, वाढ मागे आहे असं निदान झालं आणि आठवड्यातून दोनदा उपचार सुरू झाले. उपचार म्हणजे आम्ही जमिनीवर बसून खेळायचो. ती तहानेली दिसली की घरात आजवर तिच्या तोंडाला पाण्याचं भांडं लागायचं; आता ते हातात धरून थांबायचं, तिनं माझ्याकडे बघेपर्यंत. उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं, “तुमच्यामुळे हे झालेलं नाही. पण लहानपणी मूल जितकं भराभर शिकतं, तितकं पुढे शिकत नाही. लवकर यायला हवं होतं.” पहिलं वाक्य मला अजून पुरतं पटलेलं नाही. शेवटचं रोज आठवतं.

आज ती पाच वर्षांची आहे. दोन-तीन शब्द जोडते. चिडली की भिंतीकडे तोंड करून बसते. “झालं ना आता सगळं व्यवस्थित?” असं विचारणाऱ्यांना मी सांगते, नाही झालं, आणि तुमच्या समाधानासाठी होणारही नाही.

गेल्या महिन्यात वाघोलीला दिराच्या मुलीचं बारसं होतं. निघण्याआधीच सासूबाईंचा फोन आला होता: “पोरीचं कुणापुढं बोलू नगं. उद्या सोयरीक करायची हाय.” पाच वर्षांच्या पोरीची सोयरीक! तिथे एका म्हातारीनं लेकीला नाव विचारलं, ती गप्प राहिली, आणि सासूबाई घाईनं म्हणाल्या, लाजाळू हाय. मी भरल्या घरात मोठ्यानं म्हटलं, “लाजाळू नाहीये. तिची वाढ उशिरा होते आहे, उपचार चालू आहेत आणि ते वर्षभर उशिरा सुरू झाले. कारण मी खोटं बोलले.” पाळण्यापाशी गाणं म्हणणाऱ्या बायकाही थांबल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाठ केली. आजही त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. मला चालतं.

जेवणं झाल्यावर नात्यातली एक तरुण मुलगी अंगणात माझ्याजवळ आली. कडेवर दीड-पावणेदोन वर्षांचा मुलगा होता. दुसऱ्या हातात पेरू होता, चोचीनं टोकरलेला. सासूबाईंनीच दिला होता. तिनं सांगितलं की तो अजून काहीच बोलत नाही, पण घरचे म्हणतात बोलेल. मी विचारलं, “हाक मारली की बघतो का?”

“हो, बघतो,” ती लगेच म्हणाली.

मी तिच्या हातातला पेरू काढून घेतला. “मीसुद्धा एवढ्याच पटकन म्हणाले होते. आता त्याला खाली ठेव, त्याच्या मागे उभी राहा आणि हाक मार.”